डोक्याला मार लागल्यावर पळालेली झोप

डोक्याला मार लागून महिने उलटतात, टाके सुकतात, पण झोप काही ठिकाणावर येत नाही. मेंदूला इजा झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना झोपेचा काही ना काही त्रास उरतो. झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं, रात्री स्रवणारं मेलाटोनिन हे संप्रेरक काहींमध्ये कमी पडतं. दुखणं आणि काळजी आहेच. गोळीने रात्र निघते खरी, पण झोपेच्या बऱ्याच गोळ्या स्मरणशक्ती आणि तोल बिघडवतात, आणि या रुग्णांचं दुबळं झालेलं असतं तेही हेच.

कॅनडात क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठातल्या वेलेट आणि मोरँ या संशोधकांनी २००७ मध्ये गोळीविना उपचाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण ११, उपचार आठ आठवडे. त्यातल्या आठ जणांची झोप लक्षणीय सुधारली. अभ्यास छोटा आहे, हे विसरू नये.

या उपचाराचा गाभा ऐकायला उफराटा वाटतो: अंथरुणात कमी वेळ पडायचं. नऊ तास लोळून सहाच तास झोप लागत असेल, तर बारा ते सहा एवढीच वेळ द्यायची. झोपेची भूक साठते आणि तुकडे जुळून येतात. मग दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं वाढवायची. झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, आणि सकाळची वेळ मात्र काही झालं तरी मोडायची नाही.

मेंदूच्या रुग्णाला हे जसंच्या तसं लागू होत नाही. त्याचा थकवा खरा असतो, त्यामुळे दुपारची छोटी डुलकी ठरवून द्यावी लागते. सूचना लक्षात राहत नाहीत, म्हणून त्या लिहून भिंतीवर लावाव्या लागतात. इजेनंतर फिट येत असतील तर झोप तोडणं धोक्याचं. हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी करू नये. शिवाय माझ्या मते खरी अडचण घरच्यांची असते. ‘आजारी आहेस, पडून राहा’ हे प्रेमाने म्हटलं जातं आणि उपचार तिथेच बारगळतो.

दुसरा मार्ग प्रकाशाचा. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात सौम्य इजा झालेल्यांना सहा आठवडे रोज सकाळी अर्धा तास निळ्या प्रकाशासमोर बसवलं. त्यांना रात्री लवकर झोप येऊ लागली आणि दिवसाची पेंग कमी झाली. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला पिवळसर प्रकाश दिला होता. त्यांच्यात असा बदल दिसला नाही.