बारीक, कललेलं अक्षर

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी भाचीच्या लग्नपत्रिकेचा छापील नमुना आला. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. गडद मरून छपाईत कोरी सोडलेली पांढरी इंग्रजी अक्षरं बारीक, बिनशेपटीची आणि उजवीकडे कललेली होती. वधूवरांची नावं फार देखणी दिसत होती. खालची वेळ मात्र आईला वाचता येईना. 6 आहे की 8, हे बघायला तिने पत्रिका खिडकीपाशी नेली.

अशा वळणाला लाइट इटॅलिक सॅन्स म्हणतात. टोकांना आडव्या शेपट्या, म्हणजे सेरिफ, नसतात तो सॅन्स सेरिफ. त्याचा छापील नमुना लंडनच्या कॅस्लन फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे खिळे पाडणाऱ्या कारखान्याने, १८१६ मध्ये दाखवला. तिरपं अक्षर त्याहून तीनशे वर्षं जुनं. व्हेनिसचे प्रकाशक आल्दुस मानुतिउस यांनी १५०१ मध्ये खिशात मावणाऱ्या पुस्तकांसाठी ते वापरलं, आणि त्याचे साचे फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरले होते. समोर नमुना होता तो लेखनिकांच्या झरझर चालणाऱ्या हाताचा. बडोदेकरांना यात नवल वाटू नये. हात न उचलता लिहिता यावं म्हणून दप्तरात मोडी रुळली, आणि पत्रव्यवहार नि हिशेबाच्या वह्यांत वापरली जाणारी गुजराती लिपी तर शिरोरेषा सोडूनच मोकळी झाली. हाताच्या घाईने लिपी कशी बदलते, ते आपण रावपुऱ्यातल्या पाट्यांवर रोज वाचतो.

उभं अक्षर संगणकावर नुसतं कलवलं की इटॅलिक होतं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. सगळीकडे सारख्या जाडीचा गोल इंग्रजी 'O' घ्या आणि १२ अंशांनी कलवा. त्याचा वरचा डावा आणि खालचा उजवा भाग ताणला जाऊन सुमारे १० टक्के बारीक होतो. वरचा उजवा आणि खालचा डावा भाग दाबला जाऊन जवळपास तितकाच जाड होतो. गोल वाकडा दिसू लागतो. लाइट वळणाचं सारं सौंदर्य एकसारख्या रेघेत असतं, त्यामुळे ही खोट तिथे फार खुपते. म्हणून चांगला टंककार, म्हणजे अक्षरांचे आकार घडवणारा, प्रत्येक वळसा हाताने पुन्हा दुरुस्त करतो. १९२८ च्या गिल सॅन्स या टाइपात तर इटॅलिकचा छोटा 'a' वरचा हुकासारखा वळसा सोडून हातच्या लिखाणासारखा होतो. १९५७ च्या युनिव्हर्स टाइपात टंककार आद्रियान फ्रुटिगर यांनी वळणांना आकडे दिले: पहिला आकडा जाडीचा, दुसरा रुंदी आणि कल यांचा. त्यात ४६ म्हणजे लाइट इटॅलिक.

देवनागरीला असं कलवलं की आणखी पंचाईत. शिरोरेषा आडवीच राहते, काने कलतात. वरची वेलांटी आणि रफार उजवीकडे सरकतात, खालचा उकार डावीकडे. शब्द खिळखिळा होतो. मराठीत ठळक टाइप किंवा वेगळा आकार वापरावा, असंच माझं मत आहे.

आईला ती वेळ का दिसेना? गडद छपाईत शाई दोन्ही बाजूंनी पसरून बारीक पांढरी रेघ खाते. 6 ची वरची उघडी बाजू भरत आली की त्याचा 8 होतो. नावं मोठ्या आकारात होती, म्हणून तगली. वेळेची ओळ लहान. जे सावकाश बघायचं ते या वळणात शोभतं: नाव, कवितेची ओळ, चित्राखालचं वाक्य. औषधाचं प्रमाण, पत्ता, वेळ यांसाठी ते नको.

मी छापखान्यात गेलो. वेळ आणि पत्ता उभ्या, एक पायरी जाड वळणात करून घेतला. नावं होती तशीच राहू दिली.