सही शेतकऱ्याची, शब्द बँकेचा: ग्रामीण विदर्भातल्या बँक-तक्रारींची पार्श्वभूमी

मे-जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, तालुक्याच्या गावातल्या बँकेत पीककर्जासाठी रांगा लागतात. सातबारा, आठ-अ, आधार, फोटो, स्टॅम्पपेपर असा गठ्ठा पुढे सरकतो आणि बोट ठेवलेल्या प्रत्येक जागी सही करायची असते. पुढं कधीतरी पासबुकावर एंट्री मारून आणली की कळतं, कर्जाच्या रकमेतून जीवन विम्याचा हप्ताही गेला आहे. विचारलं तर साहेब म्हणतात, कर्जासोबत तो घ्यावाच लागतो. हे खरं नसतं. कर्ज हवं असेल तर अमुक कंपनीची पॉलिसी घ्याच, अशी सक्ती बँकेला करता येत नाही.

या एका तक्रारीची भावंडं बरीच आहेत. मुदतठेव करायला गेलेल्या विधवेच्या हाती दरवर्षी हप्ता भरायची पॉलिसी येते. अतिवृष्टीच्या मदतीचे पैसे खात्यात दिसतात, पण होल्ड लावल्यामुळे काढता येत नाहीत. पीकविम्याचा हप्ता खात्यातून कापला जातो, पण विमा पोर्टलवर शेतकऱ्याचं नावच चढत नाही. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. फसवणूक तोंडी होते आणि सही मात्र कागदावर उरते. तक्रार केली की बँक तोच कागद पुढे करते. मग सिद्ध कुणी करायचं? विदर्भातल्या कर्जव्यवहाराचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

सावकारीच्या काळात हिशेबाची वही सावकाराच्या घरी असे आणि अंगठा कुळाचा. पश्चिम महाराष्ट्रात सावकारांविरुद्धच्या 1875 च्या शेतकरी दंग्यांनंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि कर्जदाराला पावती, हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. पण तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी होता. वऱ्हाड आणि नागपूरकडच्या कुळाला बरीच वाट पाहावी लागली. 1929 नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले, कर्ज फिटेना, जमिनी सावकाराकडे जाऊ लागल्या, तेव्हा मध्य प्रांतात (नागपूर-वऱ्हाड तेव्हा याच प्रांतात होतं) कर्जदार आणि सावकार यांच्यात तडजोड घडवणारा 1933 चा कर्ज लवाद कायदा झाला. देशात या प्रकारचा तो पहिला. डॉ. पंजाबराव देशमुख त्या काळात प्रांताचे मंत्री होते आणि या कायद्यासाठी त्यांनी आग्रह धरला होता. पाठोपाठ 1934 चा सावकारी कायदा आला. त्यानं सावकारावर दोन कामं बंधनकारक केली: प्रत्येक कर्जदाराचा नीट हिशेब ठेवणं आणि दरवर्षी त्याचं वाचता येईल असं लेखी विवरण कर्जदाराला देणं. हे केलं नाही तर न्यायालय सावकाराचं व्याज नाकारू शकत होतं.

इथं थोडं थांबायला हवं. अक्षरओळख नसलेल्या कुळानं लबाडी सिद्ध करावी, असं हा कायदा म्हणत नव्हता. ज्याच्या हाती वही आहे त्यानंच हिशेब दाखवावा, नाहीतर व्याज गमवावं, असं म्हणत होता. अंमलबजावणी ढिसाळ राहिली, सावकारांनी पळवाटा काढल्या, हे सगळं मान्य. तरी तत्त्व बरोबर होतं, आणि ते आजही मागण्यासारखं आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटायला वेळ लागला. 1951-52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे 3.1 टक्के आणि व्यापारी बँकांचा 0.9 टक्के निघाला. बाकी बहुतेक सावकार, व्यापारी आणि नातेवाईक. या पाहणीच्या अहवालानंतर 1955 मध्ये स्टेट बँक उभी राहिली. 19 जुलै 1969 ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्याच वर्षी एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर टाकणारी अग्रणी बँक योजना आली, 1975 पासून ग्रामीण बँका सुरू झाल्या. ज्या गावात पैसा म्हटलं की सावकाराचा वाडा आठवे, तिथं बँकेची पाटी लागली.

सावकाराला वेसण घालणारा कायदा आपण केला होता, पण बँकेला तशी वेसण हवी असं तेव्हा फारसं कुणाला वाटलं नाही. बँक सरकारची, अधिकारी पगारी, मग तो कशाला फसवेल, हा विश्वास प्रामाणिक होता. पण या विश्वासापायी हिशेब दाखवण्याचं ओझं हळूहळू पुन्हा काउंटरच्या अलीकडं, शेतकऱ्याच्या बाजूला आलं. बँकेचं रेकॉर्ड खरं आणि ग्राहकाचं म्हणणं ऐकीव, अशी रीत पडली. फॉर्म इंग्रजीत, अधिकारी परप्रांतातून बदलून आलेला, आणि आपला माणूस काउंटरच्या जाळीपुढं हात जोडून उभा. छापील फॉर्म प्रादेशिक भाषेतही असावेत ही रिझर्व्ह बँकेची सूचना जुनी आहे. ती किती शाखांत पाळली जाते, हे गावोगावचे लोक जाणतात.

बँकांतल्या ग्राहकसेवेवर 1975 मध्ये आर. के. तलवार यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला गेला, 1991 मध्ये गोइपोरिया समितीचा अहवाल आला. दोन्हींचा भर कामाचा वेग, वागणूक आणि वेळा यांवर होता. खोटं सांगून माल गळ्यात मारणं हा तेव्हा मोठा प्रश्न नव्हता, कारण बँकेकडे विकायला फारसं काही नव्हतं. 2000 नंतर बँका विमा कंपन्यांच्या वतीनं पॉलिस्या विकू लागल्या, त्यावर कमिशन आलं, शाखेला टार्गेट आलं. शेतकऱ्याला पीककर्ज देणारा आणि पॉलिसी विकणारा माणूस एकच झाला. कर्ज नाकारायची ताकद ज्याच्या हाती आहे, त्यानं 'घ्या' म्हटल्यावर नाही म्हणणारा खरिपाच्या तोंडावर कुठून मिळणार?

तक्रारीचा पहिला भक्कम दरवाजा बँकांच्या जगाबाहेर उघडला. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत या ग्राहकांच्या संघटनेचं काम सुरू केलं. 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायद्याला मंजुरी मिळाली आणि बँकिंग ही त्या कायद्यातली 'सेवा' ठरली. जिल्ह्याजिल्ह्यांत तक्रारी ऐकणारे ग्राहक मंच आले. 2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला, त्यात ग्रामीण माणसासाठी मोलाचा बदल आहे: तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार दाखल होते. पॉलिसी देणाऱ्या कंपनीचं कार्यालय मुंबईत असलं तरी आर्णीच्या माणसाला यवतमाळातच दाद मागता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

दुसरा दरवाजा लोकपालाचा, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्याचा. बँकिंग लोकपाल योजना 1995 मध्ये सुरू झाली, पुढं 2002 आणि 2006 मध्ये ती नव्यानं आणली गेली. मात्र महाराष्ट्राचं कार्यालय मुंबईत होतं. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या किंवा मेळघाटातल्या धारणीच्या माणसासाठी ते नकाशावर होतं, एवढंच. शिवाय चुकीची माहिती देऊन विमा किंवा म्युच्युअल फंड विकणं हे तक्रारीचं स्वतंत्र कारण म्हणून त्या योजनेत 2017 मध्ये आलं. त्याआधी, डिसेंबर 2014 मध्ये, रिझर्व्ह बँकेनं ग्राहक हक्कांची सनद काढली होती. न्याय्य वागणूक, पारदर्शक आणि प्रामाणिक व्यवहार, ग्राहकाला साजेसं उत्पादन, गोपनीयता, आणि तक्रारनिवारण व भरपाई असे पाच हक्क तिच्यात आहेत. साजेशा उत्पादनाचा हक्क मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाच एकर कोरडवाहूच्या मालकाला, ज्याचा हंगाम पावसावर अवलंबून आहे, दरवर्षी ठरलेल्या तारखेला हप्ता मागणारी पॉलिसी विकणं हीच तक्रार आहे. सही त्याची असली तरीही.

कर्जमाफ्यांनीही तक्रारींच्या इतिहासात भर घातली. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. 2008 च्या केंद्रीय कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला होती, त्यामुळं जास्त एकर पण कोरडवाहू असलेला विदर्भातला मोठा वर्ग तिच्याबाहेर राहिला. 2013 मध्ये महालेखापरीक्षकांनी या योजनेतली 90,576 खाती तपासली, तेव्हा 22.32 टक्के प्रकरणांत चुका किंवा त्रुटी निघाल्या. काही ठिकाणी नोंदींत खाडाखोड होती, पात्र असून नाव नसलेले शेतकरी होते, माफीचं प्रमाणपत्र न मिळालेले होते. वही ज्याच्या हाती त्याचीच सत्ता, हे पुन्हा दिसलं.

12 नोव्हेंबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे सगळे लोकपाल एका योजनेत आले. मुंबईच्या दाराशी जाण्याची गरज संपली. तक्रार ऑनलाइन देता येते, रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या केंद्राला टपालानं पाठवता येते, आणि 14448 या क्रमांकावर मराठीत विचारता येतं. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार हवी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तरच पुढं जायचं. तेच प्रकरण न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही.

म्हणून सगळं येऊन ठेपतं पहिल्या लेखी तक्रारीवर, आणि नेमकी तीच घडू दिली जात नाही. "उद्या या", "मॅनेजर रजेवर आहेत", "वरून होईल". वास्तविक शाखेत तक्रार-वही असावी, तिच्यात फाडून देता येतील अशा प्रती असाव्यात आणि ग्राहकाला जागीच पोच मिळावी, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे. ती वही मागावी. नाही मिळाली तर साध्या कागदावर मराठीत लिहून दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर शिक्का घ्यावा. शिक्काही नाकारला तर स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपावी. कोणत्या तारखेला, कोणत्या काउंटरवर, काय सांगितलं गेलं, हे आठवतं त्याच शब्दांत लिहावं. तोंडी खोट्याला कागदावर आणण्याचा हा एकच रस्ता ग्राहकाच्या हातात आहे.

ओझं बँकेवर टाकता येतं, हे रिझर्व्ह बँकेनं एका बाबतीत करून दाखवलं आहे. जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार खात्यातून परस्पर ऑनलाइन पैसे गेले, तर ग्राहकाची चूक होती हे बँकेनं सिद्ध करायचं असतं. पॉलिसी विकताना 'मी समजावून सांगितलं होतं' हे सिद्ध करण्याची जबाबदारीही तशीच स्पष्टपणे बँकेवर का नसावी? 1934 चा कायदा सावकाराकडून जे मागत होता, त्याहून हे जास्त नाही.

सहकाराची बाजू अजून अर्धवट आहे. विदर्भात पीककर्जाचा मोठा व्यवहार जिल्हा मध्यवर्ती बँक आणि गावची सोसायटी यांच्यातून होतो. 2021 च्या योजनेत जिल्हा बँका नव्हत्या. त्या नोव्हेंबर 2025 पासून लोकपालाच्या कक्षेत आल्या. सोसायटी आणि पतसंस्था मात्र बाहेरच आहेत, कारण कायद्यानं त्या बँका नाहीत. त्यामुळं मार्चअखेर कर्ज नवं-जुनं करताना, म्हणजे जुनं फिटलं असं दाखवून नवं देताना, सोसायटीच्या सचिवानं खोटी नोंद केली, तर तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे न्यावी लागते, आणि त्याच कर्जाबद्दल बँकेच्या शाखेनं खोटं सांगितलं तर लोकपालाकडे. खातं एक, दारं दोन, आणि दोन्हीकडे द्यायच्या अर्जांना वेगवेगळी पोच घ्यावी लागते.