हाड 'निर्जीव' असतं, मग दुसऱ्याचा जबडा चालतोच?

'हाडाला कसली आलीय प्रतिकारशक्तीची अडचण? हाडपेढीतलं, म्हणजे दात्याकडून घेऊन साठवलेलं, हाड प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांशिवाय बसवतातच की!' हा दावा वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा उत्तरार्ध खरा आहे, पूर्वार्ध नाही.

पेढीतलं हाड धुऊन, गोठवून किंवा सुकवून ठेवलेलं असतं. त्यात जिवंत पेशी जवळजवळ उरत नाहीत. ते नुसता सांगाडा पुरवतं आणि शरीर त्यावर हळूहळू स्वतःचं हाड रचतं. दुसऱ्या माणसाकडून रक्तवाहिन्यांसकट काढलेला जबडा मात्र जिवंत अवयव. त्यात मज्जा असते, वाहिन्यांचं अस्तर असतं, दातांभोवतीची श्लेष्मल त्वचा असते. या पेशींवरच्या परक्या खुणा यजमानाच्या, म्हणजे जबडा बसवलेल्या माणसाच्या, टी-पेशी (परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) लगेच ओळखतात.

उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसतं. एकाच अंतःप्रजनित (पिढ्यान्‌पिढ्या आपसात प्रजनन करून जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारख्या झालेल्या) वंशातल्या दोन उंदरांमध्ये वाहिन्यांसकट बसवलेलं हाड टिकतं, कारण दोघांच्या खुणा सारख्याच. वंश बदलला की औषधाविना ते नाकारलं जातं. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर हाड जगतं, पण औषध थांबवल्यावर नकार परत येऊ शकतो. शिवाय ही औषधं मूत्रपिंडाला जड जातात आणि संसर्गाचा धोका वाढवतात. (औषधं दिल्यावर उंदीर परकी ऊती माणसापेक्षा सहज स्वीकारतात, तेव्हा तिथलं यश थेट माणसाला लावू नये.)

म्हणूनच जबडा गमावलेल्या रुग्णात शल्यविशारद बहुधा त्याच्याच पायातलं फिब्युला (पोटरीतलं बारीक) हाड वाहिन्यांसकट वापरतात. स्वतःच्या हाडाला ही औषधं लागत नाहीत.