३०० मिमी लेन्स, क्रॉप सेन्सर आणि टेलिकन्व्हर्टर: पक्षी नेमका कशाने मोठा होतो?

पक्ष्याच्या छायाचित्राखाली ‘४५० मिमी’ असे लिहिलेले दिसले की मी आधी कॅमेऱ्याचे नाव पाहतो. बहुतेक वेळा तो क्रॉप सेन्सरचा, म्हणजे ३६ मिमी रुंद ‘फुल फ्रेम’हून लहान सेन्सरचा, कॅमेरा असतो, लेन्स ३०० मिमीची असते आणि लिहिणाऱ्याने परस्पर दीडने गुणलेले असते. नुसत्या ओळीपुरता हा प्रश्न असता तर मी तो सोडून दिला असता. परंतु हलकी टेलिफोटो लेन्स कोणती घ्यावी या प्रत्येक चर्चेत हाच गुणाकार पुढे येतो आणि लोक त्यावर मोठी रक्कम खर्च करतात. युक्तिवाद असा असतो की १.४चा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्सच्या मागे बसणारे जोडभिंग, लावला तर ३००चे ४२० होतात आणि वर एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश जातो, उलट क्रॉप बॉडीवर, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, त्याच ३००चे काही न गमावता ४५० होतात, तेव्हा कन्व्हर्टरची गरजच काय. हे दोन आकडे एकाच रांगेत मांडता येत नाहीत, कारण त्यांतला एक लेन्सविषयी सांगतो आणि दुसरा चौकटीविषयी.

क्रॉप फॅक्टरचा, म्हणजे फुल फ्रेमच्या तुलनेत सेन्सर किती पट लहान आहे याचा, हिशेब वाचकांना पाठ असेलच: निकॉनसाठी १.५, कॅननसाठी १.६, माइक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरसाठी २. सेन्सर लहान, म्हणून दृश्याचा कोन अरुंद. त्यात चुकीचे काही नाही आणि त्यावर अधिक लिहिण्याचीही गरज नाही.

गोंधळ पुढच्या पायरीवर होतो. फोकल लेन्थ, म्हणजे शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला नाभीय अंतर म्हणत होतो ते, हा लेन्सचा गुण आहे. मागे कोणता सेन्सर बसवला आहे याची लेन्सला दखल नसते. चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे १७ सेंटिमीटर लांबीचा लहान खंड्या आपल्यापासून २० मीटरवर बसला आहे असे समजू. ३०० मिमीची लेन्स त्याची प्रतिमा ढोबळमानाने २० भागिले ०.३, म्हणजे सुमारे ६७ पट लहान करून सेन्सरवर टाकते, आणि ती प्रतिमा साधारण अडीच मिलिमीटर लांबीची असते. सेन्सर ३६ मिमी रुंद असो वा २३.५ मिमी, खंड्या अडीच मिलिमीटरचाच राहतो. लहान सेन्सरवर तो चौकटीचा अधिक भाग व्यापतो, कारण चौकट लहान आहे. मोठ्या पानावरच्या चित्राभोवतीचा कोरा कागद कात्रीने कापून टाकला तर चित्र मोठे झाले असे आपण म्हणत नाही.

यावर ठरलेला प्रतिवाद असा असतो की प्रत्यक्षात क्रॉप बॉडीवर पिसांचे बारकावे अधिक दिसतात, हे डोळ्यांनी पाहिले आहे. पाहिलेले खरे आहे, त्यामागचे कारण मात्र चुकीचे लावलेले असते. निकॉनचेच तीन डीएसएलआर (आत आरसा असलेले कॅमेरे) घेऊ. क्रॉप सेन्सरच्या डी५००मध्ये २०.९ मेगापिक्सेल आहेत आणि त्याचा एक पिक्सेल सुमारे ४.२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे, म्हणून आपला अडीच मिलिमीटरचा खंड्या त्यावर सुमारे ६०० पिक्सेल लांब उमटतो. फुल फ्रेम डी७५०मध्ये २४.३ मेगापिक्सेल आहेत, पण त्याचा पिक्सेल जवळजवळ ६ मायक्रॉनचा असल्यामुळे तोच खंड्या ४३०च्या आसपास पिक्सेलमध्ये आटोपतो. एवढ्यावर थांबले तर क्रॉप सेन्सरनेच पक्षी मोठा केला असे वाटणे स्वाभाविक आहे. आता डी८५० पाहा. तोही फुल फ्रेम आहे, मात्र त्यात ४५.७ मेगापिक्सेल असून पिक्सेल सुमारे ४.३५ मायक्रॉनचा आहे, आणि खंड्या त्यावर ५९०च्या जवळ पिक्सेल व्यापतो, म्हणजे डी५००इतकाच. त्या चित्राचा मधला तुकडा कापून घेतला तर हाती येणाऱ्या १९.४ मेगापिक्सेलच्या चित्रात आणि डी५००च्या चित्रात पक्ष्याच्या बाबतीत सांगण्यासारखा फरक उरत नाही. बारकावा आला तो पिक्सेल लहान व दाट असल्यामुळे; सेन्सरच्या कडा कुठे संपतात याचा त्याच्याशी संबंध नव्हता. माइक्रो फोर थर्ड्सवर ३०० मिमीची लेन्स ‘६००ची होते’ असे म्हणणाऱ्यांनाही हेच लागू आहे: २० मेगापिक्सेलच्या त्या सेन्सरचा पिक्सेल ३.३ मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणून खंड्या सुमारे ७६० पिक्सेल लांब मिळतो. हा खरा लाभ आहे, परंतु तो दुपटीचा नाही.

टेलिकन्व्हर्टर याहून वेगळे काम करतो. लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये बसून तो लेन्सने तयार केलेली प्रतिमाच १.४ पट पसरवतो, म्हणून सेन्सरवरचा खंड्या अडीचऐवजी साडेतीन मिलिमीटरचा होतो. तो डी७५०वर जवळजवळ ६०० पिक्सेल व्यापतो आणि डी५००वर सुमारे ८५०. येथे एक गंमतशीर जुळणी दिसते: डी७५० आणि १.४चा कन्व्हर्टर मिळून जे देतात, तेच डी५०० कन्व्हर्टरविना देतो. म्हणूनच जुन्या, मोठ्या पिक्सेलच्या बॉडीवर कन्व्हर्टरचा लाभ लगेच डोळ्यांत भरतो आणि दाट पिक्सेलच्या नव्या बॉडीवर तो कमी जाणवतो, कारण तेथे लेन्सच्या तीक्ष्णतेची मर्यादा आधीच जवळ आलेली असते.

प्रकाशाचा मुद्दा अधिक नाजूक आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त चुका तेथेच होतात. फोकल लेन्थला एफ-आकड्याने, म्हणजे ‘एफ/४’मधल्या ४ने, भागले की पक्ष्याकडून येणाऱ्या प्रकाशासाठी लेन्समध्ये किती मोठी खिडकी आहे ते कळते. ३०० एफ/४ची खिडकी ७५ मिमीची असते. क्रॉप बॉडीवर लावल्याने तिला ‘४५० एफ/४’ म्हणणारे लोक हे विसरतात की खऱ्या ४५० एफ/४ची खिडकी ११२ मिमीहून मोठी असावी लागेल. इथे ती ७५ मिमीचीच राहते आणि खंड्याकडून येणारा प्रकाशही तेवढाच राहतो. कन्व्हर्टर लावल्यावरही ४२० भागिले ५.६ म्हणजे ७५च येतात. कन्व्हर्टर प्रकाश गिळत नाही, तोच प्रकाश दुप्पट क्षेत्रावर पसरवतो, आणि यालाच आपण एक स्टॉप गेला असे म्हणतो. त्यामुळे कन्व्हर्टरने आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० ऐवजी ८०० ठेवावा लागतो व चित्रात दाणे येतात, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. कन्व्हर्टर न लावता ४००वर घेतलेले चित्र आपण नंतर संगणकावर १.४ पट मोठे करतो, तेव्हा दाणेही तितकेच मोठे होतात, आणि पक्षी सारख्याच आकाराचा करून दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर दाण्यांत फारसा फरक राहत नाही. अंधुक उजेडात पक्षी खरोखर स्वच्छ हवा असेल तर मोठी खिडकी घ्यावी लागते किंवा पक्ष्याला न बिथरवता त्याच्या जवळ जावे लागते, आणि या दोन्हींना गुणाकाराचा पर्याय नाही.

कन्व्हर्टरची खरी किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. प्रतिमेबरोबर लेन्सचे दोषही १.४ पट पसरतात, फोकस थोडा मंदावतो, आणि अनेक डीएसएलआर बॉडींवर एफ/८च्या पुढे फोकस भरवशाचा राहत नाही. म्हणून एफ/४च्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सवर १.४चा कन्व्हर्टर मी निःसंकोच लावतो, एफ/५.६वर विचार करून लावतो आणि २चा कन्व्हर्टर कोणालाही सुचवत नाही. दोन स्टॉप घालवून मिळालेले मऊ चित्र मला कधीही ठेवावेसे वाटलेले नाही. शिवाय कन्व्हर्टर सगळ्या लेन्सना बसतोच असे नाही, कारण त्याची पुढची काच लेन्सच्या मागच्या भागात शिरते. कॅननच्या आरएफ १००-५००वर तो लावला की झूम ३००च्या अलीकडे आणताच येत नाही, आणि लेन्स मिटून पिशवीत ठेवण्याची सोय त्याबरोबर जाते.

क्रॉप बॉडीला मी कमी लेखतो असा समज होऊ नये. डी५०० सेकंदाला १० चित्रे घेतो, डी८५० नुसत्या बॉडीवर ७. डी५००चे वजन ८६० ग्रॅम आहे, डी८५०चे एक किलोहून किंचित जास्त. आणि किमतीतला फरक सांगायलाच नको. ही क्रॉप बॉडी घेण्याची ठाम कारणे आहेत. वेडा राघू किडा पकडायला झेपावतो त्या क्षणी वेग कामी येतो. फक्त लेन्स निवडताना ती दीडने गुणलेली समजून आखूड लेन्स घेऊ नये, एवढाच माझा आग्रह आहे. एका परिचिताने हाच गुणाकार करून आपली ५०० मिमीची लेन्स विकली आणि ३००ची घेतली. क्रॉप बॉडी त्याच्याकडे आधीपासूनच होती, म्हणजे बदलले ते केवळ खंड्याचे सेन्सरवरचे माप, सव्वाचार मिलिमीटरवरून अडीचवर.

आता वजनाकडे येतो, कारण सोबत नेता येईल अशी लेन्स हाच मूळ प्रश्न आहे. भिगवणला कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावरून आपण छोट्या होडीत बसतो तेव्हा तिपाई निरुपयोगी ठरते, आणि सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत सावलीतला स्वर्गीय नर्तक फांदी बदलतो तेव्हा जी लेन्स गळ्यात किंवा हातात आहे तीच उपयोगी पडते. सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीचे वजन सुमारे १.९ किलो आहे, त्याच कंपनीच्या स्पोर्ट आवृत्तीचे २.८ किलोहून अधिक, निकॉनच्या २००-५००चे तिपाईला जोडायच्या कॉलरसह २.३ किलो आणि सोनीच्या २००-६००चे २.१ किलो. चित्रे यांची चांगली येतात. तरीही दोन तास हातात धरून चालायला मी यांतली एकही निवडणार नाही. झूम की प्राइम हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, कारण पक्ष्यांसाठी झूम बहुतांश वेळ शेवटच्या टोकालाच ठेवलेला असतो.

माझी पसंती फेज फ्रेनेल पद्धतीच्या लेन्सना आहे. त्यांतले एक भिंग आखीव वलयांचे असल्यामुळे लेन्स आखूड आणि हलकी होते. २०१५ साली आलेली निकॉनची ३०० एफ/४ पीएफ ७५५ ग्रॅमची आहे, तर तिच्या आधीची ३०० एफ/४ १,४४० ग्रॅमची होती. २०१८ची ५०० एफ/५.६ पीएफ १,४६० ग्रॅमची आहे आणि ५०० एफ/४ तीन किलोहून जड. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी २०२३ साली आलेली ६०० एफ/६.३ पीएफ कॉलरसह १,४७० ग्रॅमची आहे व तिची खिडकी ९५ मिमीची आहे. वजन आणि खिडकी यांचा इतका चांगला मेळ मी अन्यत्र पाहिलेला नाही. दोष एकच सांगण्यासारखा आहे: चौकटीत किंवा तिच्या जवळ प्रखर प्रकाश असेल तर या लेन्समध्ये रंगीत वलयासारखी झळाळी येते, म्हणून सूर्याकडे तोंड करून उडते रोहित (फ्लेमिंगो) टिपणाऱ्यांनी विचार करावा. कॅननच्या ८०० एफ/११ला केवळ आकडा पाहून नाके मुरडणाऱ्यांनी भागाकार करून पाहावा: तिची खिडकी ७३ मिमीची, म्हणजे ३०० एफ/४च्या जवळपास तेवढीच आहे, आणि वजन १,२६० ग्रॅम. उघड्या माळरानावर भर उजेडात ती योग्य आहे. दरीतल्या सावलीत मी ती नेणार नाही.

स्वतःसाठी निवड करायची झाली तर झाडीतल्या पायवाटेसाठी ३०० एफ/४ पीएफ व खिशात १.४चा कन्व्हर्टर, आणि पाण्याकाठी ५०० एफ/५.६ पीएफ, असे मी ठरवले आहे. अर्थात सकाळी दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागली की दूरचे पट्टकदंब हंस कोणत्याही लेन्सने स्वच्छ येत नाहीत, आणि त्याचा दोष लेन्सला देऊ नये.

कन्व्हर्टर विकत घेण्याआधी स्वतःच्या लेन्सवर आणि स्वतःच्या बॉडीवर एक चाचणी जरूर करावी. दिनदर्शिकेचे एक पान सावलीतल्या भिंतीवर सपाट चिकटवावे, वीस मीटर मागे जावे, कॅमेरा बीनबॅगवर ठेवावा, शटर स्पीड तोच राखून एकदा नुसत्या लेन्सने आणि एकदा कन्व्हर्टर लावून चित्र घ्यावे. नंतर पहिले चित्र संगणकावर १.४ पट मोठे करून दोन्ही शेजारी उघडावीत आणि तारखेखालची तिथी-नक्षत्रांची बारीक अक्षरे वाचून पाहावीत. पहिल्यात न वाचता येणारी अक्षरे दुसऱ्यात वाचता आली तर कन्व्हर्टर घ्यावा. दोन्हींत तीच अक्षरे वाचता येत असतील तर त्या लेन्सवर तो काहीही नवे देत नाही आणि तो दुकानदाराला परत करावा.