टेरोसॉर जमिनीवरून उठायचे कसे? एका वादाची पार्श्वभूमी

टेरोसॉर, म्हणजे डायनासोरांच्या काळातले पंखवाले सरीसृप, उडत असत, हे 19व्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडलं गेलं. पण ते जमिनीवरून वर कसे उठायचे, याचा विचार बराच काळ वरवरच झाला. कड्यावरून अंग झोकून द्यायचं, नाहीतर समोरच्या वाऱ्यावर पंख पसरायचे, एवढ्या उत्तरावर भागत होतं.

1971 साली टेक्सासमध्ये केट्झाल्कोआटलस या राक्षसी टेरोसॉरच्या पंखाची हाडं सापडली आणि प्रश्न टाळता येईना. पंखांचा पसारा 10 ते 11 मीटर, उंची जिराफाच्या जवळपास. मग वजन किती? सगळा घोळ इथेच आहे. 2004च्या एका अभ्यासाने ते 70 किलोच्या आसपास धरलं. तर्क असा की, दोन पायांवर पळत उठणारा प्राणी याहून जड असेल तर उडूच शकणार नाही. म्हणजे उठण्याची पद्धत आधी ठरवली आणि वजन तिच्या मापाने छाटलं. एवढ्या उंच जनावराला एका माणसाचं वजन! शरीराच्या आकारमानावरून काढलेले पुढचे अंदाज 200 ते 250 किलोंपर्यंत गेले आणि ते जास्त पटण्यासारखे आहेत.

दोन पायांची कल्पना पक्ष्यांवरून आली. आपल्याकडच्या तलावांवर हिवाळ्यात चांदवा पाण्यावर पाय आपटत लांबवर धावतो आणि मगच हवेत उठतो. टेरोसॉर मात्र चालताना हात टेकवत, हे 1990च्या दशकात फ्रान्समधल्या पाऊलखुणांनी पक्कं केलं. 2008 साली हाडांच्या मजबुतीचा हिशेब मांडला गेला. मोठ्या टेरोसॉरच्या दंडाचं हाड मांडीच्या हाडापेक्षा कितीतरी भक्कम निघालं. पायांनी उडी मारणाऱ्याची हाडं अशी नसतात. मग क्रम असा सुचवला गेला: आधी मागचे पाय रेटा देतात, लगेच हात जमिनीला जोरात ढकलतात, अंग वर फेकलं जातं आणि दुमडलेलं लांबलचक चौथं बोट उघडून पंख पसरतो. सगळं एका सेकंदाच्या आत. यात उडण्याचे तगडे स्नायूच उडीलाही कामी येतात. दक्षिण अमेरिकेतलं रक्त पिणारं वटवाघूळ आजही हातांच्याच जोरावर जमिनीवरून उसळतं.

विरोध मावळलेला नाही. 2021च्या सविस्तर अभ्यासाने केट्झाल्कोआटलस मागच्या पायांनीच सुमारे 8 फूट उसळी घेऊन पंख मारत असावा, असं म्हटलं. 2024च्या एका संगणकीय प्रारूपात, 5 मीटर पसाऱ्याच्या टेरोसॉरपुरती का होईना, चार पायांच्या उठावाला स्नायूंची तरफ जास्त मिळाली. केट्झाल्कोआटलसच्या राक्षसी जातीची अडचण अशी की तिचा जवळजवळ एका पंखाचाच सांगाडा हाती आहे. पायांचं माप साडेचार मीटर पसाऱ्याच्या केट्झाल्कोआटलसच्याच धाकट्या जातीकडून घ्यावं लागतं.