ससून हिब्रू हस्तलिखित संग्रह
डेव्हिड सॉलोमन ससून (१८८०–१९४२) यांनी जमवलेला हिब्रू हस्तलिखितांचा खाजगी संग्रह. डेव्हिड यांचा जन्म मुंबईचा, बगदादी यहुद्यांच्या ससून डॉकवाल्या घराण्यातला. वडील १८९४ला गेल्यावर मुंबईतला धंदा आई फ्लोरा यांनी चालवला, त्या स्वतः हिब्रूच्या जाणकार, आणि १९०१च्या सुमारास त्या मुलांना घेऊन लंडनला गेल्या. आठ वर्षांच्या डेव्हिडने आपला पतंग देऊन एका पोराच्या हातातलं छोटं पुस्तक घेतलं असं सांगतात, ते १८५९ला मुंबईतच बगदादी यहुद्यांसाठी छापलेलं बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाचं अरबी भाषांतर होतं. खरी खरेदी १९०२च्या आसपास सुरू झाली. १९३२ला 'ओहेल डेविड' हा दोन खंडांचा कॅटलॉग निघाला, तो त्यांनी स्वतः केला आणि नुसत्या यादीपेक्षा तो खूपच जास्त आहे. यातल्या एका हस्तलिखितावरून त्यांनी ११व्या शतकातला स्पेनमधला यहुदी कवी श्मुएल हानागिद याच्या कविता १९३४ला छापल्या.

सगळ्यात जास्त वाद संग्रहातल्या कोडेक्स १०५३च्या काळावर (कोडेक्स म्हणजे गुंडाळीऐवजी पुस्तकासारखं बांधलेलं हस्तलिखित). १९२९ला घेतलेलं हे चामड्यावरचं जवळजवळ पूर्ण हिब्रू बायबल, ३९६ पानं, साधारण १२ किलो वजन. लिहिणाऱ्याचं नाव किंवा साल कुठेच नाही त्यामुळे सगळी मदार अक्षराच्या वळणावर आणि चामड्यावर. ससून यांनी ते १०व्या शतकातलं मानलं, नंतरच्या कार्बन तपासणीत इ. स. ८८० ते ९६० असं आलं. २०२३च्या लिलावाच्या वेळी 'सगळ्यात जुनं' असा गाजावाजा झाला, पण ९३०च्या आसपासचं अलेप्पो कोडेक्स हे दुसरं जुनं हिब्रू बायबलही याच पट्ट्यात बसतं, म्हणून '९व्या शतकाचा शेवट किंवा १०व्याची सुरुवात' एवढंच म्हणणं जास्त सुरक्षित वाटतं. पूर्णतेचं मात्र खरं आहे, अलेप्पोची बरीच पानं सीरियातल्या अलेप्पो शहरातल्या १९४७च्या दंगलीनंतर गेली आणि १०५३ची जेमतेम डझनभर. मासोरा, म्हणजे कुठला शब्द कसा नि किती वेळा येतो याच्या बारीक नोंदी, अजून समासात दिसतात. पुढे हे कोडेक्स ईशान्य सीरियातल्या माकिसीन गावच्या सिनेगॉगला (यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाला) अर्पण झालं, आणि गाव उद्ध्वस्त झाल्यावर सलामा इब्न अबी अल-फख्र याच्याकडे जपायला दिलं गेलं, तशी नोंद त्यातच आहे.

ससून वारल्यावर संग्रह मुलाकडे आला आणि १९७०च्या दशकात लिलावांत फुटला. १०व्या शतकातलं दमास्कसचं तोराचं, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचं, हस्तलिखित (ससून ५०७) १९७५ला जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेलं. कोडेक्स १०५३ हे मे २०२३मध्ये न्यूयॉर्कला ३.८१ कोटी डॉलरना विकलं गेलं, आता ते तेल अवीवच्या आनू या यहुदी इतिहासाच्या म्युझियमचं आहे.