कूलिंग कॉइलवर पहारा

मुंबईत अजून जपून ठेवलेल्या एखाद्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या डॅशबोर्डखाली मागाहून बसवलेला एसीचा डबा दिसतो. त्यावर दोन कळा असतात, एक पंख्याची आणि एक गारव्याची. गारव्याच्या, म्हणजे थर्मोस्टॅटच्या, कळीवर अंशांचे आकडे नसतात, कारण गाडीत किती उकडतंय हे तिला समजतच नाही. तिचा पहारा असतो कूलिंग कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्या-पात्यांच्या जाळीवर.

कॉइलच्या पात्यांत एका बारीक नळीचं टोक खोचलेलं असतं. नळीत वायू कोंडलेला असतो. कॉइल गारठली की वायूचा दाब उतरतो, नळीच्या दुसऱ्या टोकाचा छोटा भाता आकसतो आणि कंप्रेसरला पुलीशी जोडणाऱ्या क्लचची वीज तुटते. पट्टा आणि पुली फिरत राहतात, कंप्रेसर मात्र थांबतो. कॉइल जरा तापली की भाता फुगतो, 'टक्' आवाज येतो, पुन्हा गारवा सुरू. कळ फिरवून आपण भात्यासमोरच्या स्प्रिंगचा ताण तेवढा बदलतो.

हा सगळा खटाटोप बर्फ टाळण्यासाठी. आपल्या दमट हवेत एसीची बरीच ताकद हवा वाळवण्यातच जाते. एक ग्रॅम हवा 10 अंशांनी गार करायला साधारण 10 ज्यूल पुरतात, पण एक ग्रॅम बाष्पाचं पाणी होताना जवळपास 2,450 ज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि तीही कॉइललाच शोषावी लागते. गाडीखाली ठिबकतं ते हेच पाणी. कॉइल शून्याखाली गेली तर ते पात्यांतच गोठतं, हवेची वाट बंद होते. मग पंखा नुसता घोंघावतो. अशा वेळी एसी बंद करून पंखा तेवढा चालू ठेवावा, बर्फ वितळतो.

1939 मध्ये पॅकार्ड कंपनीने अमेरिकेत एसीची गाडी आणली, तेव्हा हा क्लचही नव्हता. कंप्रेसर थांबवायचा तर बॉनेट उघडून पट्टा काढा! गाडीतलं तापमान मोजून गार-गरम हवा आपोआप मिसळण्याची सोय कॅडिलॅकने 1964 मध्ये दिली.

एसीत गारवा करणारा जुना आर-12 वायू आता मिळत नाही, म्हणून आर-134ए भरतात. त्याला तेल वेगळं लागतं, ते बदलायलाच हवं. थर्मोस्टॅट मात्र तोच चालतो, कारण तो या वायूच्या दाबाऐवजी कॉइलचं तापमान पाहतो. कॉइल साफ करून परत बसवताना नळीचं टोक पात्यांत नीट खोचलंय ना, हे स्वतः बघून घ्या. ते बाहेर लोंबकळत राहिलं, तर कंप्रेसर थांबत नाही आणि कॉइलवर बर्फ धरतो.